५६ एपीओच्या अलीकडची माणसे

पुण्यात लष्कर शोधत हिंडावे लागत नाही. दक्षिण कमांडचे मुख्यालय इथे आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, खडकीत बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, लोहगावला हवाई दलाचा तळ आणि वानवडीच्या बाजूला कमांड हॉस्पिटल, एएफएमसी हे सैन्यदलांचे वैद्यकीय महाविद्यालय व कृत्रिम अवयव केंद्र अशी रांगच आहे. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली, तेव्हापासून हे शहर आणि पलटणी एकमेकांच्या शेजारी राहत आल्या आहेत. असे असूनही, ज्यांचा मुलगा साधा जवान म्हणून भरती झाला आहे अशा पुणेकर आईवडिलांना आपले म्हणावे असे एकही दार या सगळ्या पसाऱ्यात नाही, हे माझा मुलगा तोफखान्यात गेल्यावर काही वर्षांतच माझ्या ध्यानात आले.

जवानांच्या पत्नींसाठी १९६६ पासून ‘आवा’ ही संघटना आहे. माजी सैनिकांसाठी आणि वीरपत्नींसाठी सैनिक कल्याण विभाग आहे, त्याचे राज्याचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे आणि बहुतेक जिल्ह्यांत त्याची शाखा आहे. नोकरीत असलेल्या जवानाचे आईवडील मात्र कोणत्याच खात्याच्या अंगणात पूर्णपणे बसत नाहीत. यात कुणाचा दुष्टावा नाही. लष्कर मुलाला सांभाळते, त्याच्या बायकामुलांना सांभाळते. त्याने आमच्या काळज्याही वाहाव्यात असा हट्ट मी धरणार नाही. पण त्या कुणी तरी वाहायला हव्यात, आणि अनुभवाने सांगते, ते काम आईबापांनी एकमेकांचे करण्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे, ज्याला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, आणि आजही तिथे घराघरांत फौजी आहे. अशा गावात कुणाचा फोन चार दिवस आला नाही तर त्याच्या आईला त्याबद्दल काही सांगावे लागत नाही. समोरच्या ओट्यावरची बाई तिच्या चेहऱ्यावरून ओळखते आणि विषय न काढता भाजी निवडायला येऊन बसते. पुण्यातल्या सहा मजली इमारतीत नेमके उलटे घडते. इथे दर मजल्यावर कुणाचा ना कुणाचा मुलगा परदेशी असतो, त्याच्या फोनच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि लिफ्टमध्ये भेटलेली शेजारीण अगदी आपुलकीने विचारते, “काय म्हणतोय मुलगा? सध्या कुठे असतो? बॉर्डरवर का?” तिचा हेतू चांगलाच असतो, फक्त त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी देता येत नाही.

आमच्या, म्हणजे पुण्यातल्या जवानांच्या आईवडिलांच्या, गटाची बीजे नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात पडली असे म्हणायला हरकत नाही. प्रशिक्षण संपल्यावर कसम परेड होते, तिला आईवडिलांना बोलावतात आणि मुलाच्या बरोबरीने त्यांच्याही छातीवर ‘गौरव पदक’ लावतात. पदक लावून उन्हात उभ्या असलेल्या, कुणाच्या डोक्यावर टोपी तर कुणाच्या डोक्यावर पदर, अशा त्या गर्दीत पुण्याकडची काही मंडळी भेटली. भोसरीचे एक कामगार गृहस्थ, हडपसरच्या एक ताई, धायरीचे एक जोडपे. फोन नंबर घेतले गेले, कुणी तरी व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला, आणि पुढची काही वर्षे त्यात सुप्रभात, सण आणि २६ जानेवारीच्या शुभेच्छा यांपलीकडे काही आले नाही.

ते बदलले जून २०२० मध्ये. १५ जूनच्या रात्री गलवानला चकमक झाली, आपले २० जण गेले, आणि पुढचे अनेक दिवस उत्तरेकडे असलेल्या आमच्या मुलांचे फोन लागेनासे झाले. टाळेबंदीमुळे कुणाकडे जाता येत नव्हते. गटात भोसरीच्या गृहस्थांनी रात्री उशिरा एवढेच लिहिले, ‘कुणाचा आला का?’ आणि कुणाचा फोन हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. त्या रात्री आम्ही सगळे जागे होतो हे एकमेकांना कळले. त्यानंतर ज्याचा फोन येई तो गटात फक्त ‘आला’ असे लिहीत असे, आणि बाकीचे नमस्काराची चिन्हे पाठवत. पुढे प्रत्यक्ष भेटी सुरू झाल्या तरी ही पद्धत तशीच राहिली.

पहिला नियम आपोआपच तयार झाला, तो असा की मुलगा कुठे आहे हे विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही. युनिटचे नाव नाही, ठिकाण नाही, हालचाल नाही, त्याने पाठवलेला डोंगराचा फोटो नाही. पत्त्यापुरते बोलायचे तर सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी डाकघर) किंवा पूर्वेकडे असेल तर ‘द्वारा ९९ एपीओ’ एवढेच आपल्याला दिलेले असते, आणि लष्करी डाकखाते त्यापुढचे पाहून घेते. तो पत्ता लिहून झाला की आईबापांची हद्द संपते. नव्याने आलेल्या पालकांना हे प्रथम जड जाते, कारण काळजी करणाऱ्या माणसाला नकाशावर बोट ठेवायला जागा हवी असते. पण काही महिन्यांत त्यांनाही यातला दिलासा कळतो. जिथे कुणीच ‘कुठे’ विचारत नाही तिथे ‘कसा आहे’ हे मोकळेपणाने बोलता येते.

दुसरा नियम मात्र वाद होऊन ठरला. गट वाढला तसे कोथरूड-बाणेरकडचे, मुले अधिकारी असलेले पालकही आले. ती माणसे सज्जन होती, मदतीला तत्पर होती, पण बैठकीत खुर्च्या आपोआप दोन भागांत विभागल्या जाऊ लागल्या. एका बाजूला प्रबोधिनी, डेहराडून, मेजर, कोर्स हे शब्द. दुसऱ्या बाजूला नाईक, हवालदार, रंगरूट, पगारातून घरी येणारे पैसे. धायरीच्या वहिनी तर चहा द्यायच्या निमित्ताने उभ्याच राहायच्या, बसायच्या नाहीत. शेवटी आमच्यातले एक निवृत्त सुभेदार, ज्यांचा मुलगा आता त्यांच्याच पलटणीत आहे, स्पष्ट बोलले. “पोरांच्या फीत्या पोरांच्या खांद्यावर. इथं कुणी कुणाला सलाम ठोकायला आलेलं नाही.” तेव्हापासून बैठकीत मुलाचा हुद्दा सांगायचा नाही असे ठरले. हे तंतोतंत पाळले जाते असा माझा दावा नाही. फरक पडला तो हुद्दा लपवल्याने पडला नाही. कागदपत्रांच्या कामात अधिकाऱ्यांच्या पालकांनाही आमच्याइतकेच अज्ञान आहे, हे उघड झाल्याने पडला.

कागद हा आमचा मुख्य उद्योग झाला. सत्कार, भाषणे, देशभक्तिपर गाणी यांची पुण्यात वाण नाही. आमच्याकडे येणारा माणूस विचारतो ते असे: आईला मोतीबिंदू झाला आहे, एमएचमध्ये, म्हणजे लष्करी रुग्णालयात, दाखवता येईल का? त्याचे उत्तर असे की आईवडील मुलावर अवलंबून असल्याची नोंद झालेली असली पाहिजे, आणि त्यासाठी दोघांचे सर्व मार्गांनी मिळणारे मासिक उत्पन्न ९,००० रुपये व त्यावरचा महागाई भत्ता या मर्यादेच्या आत असले पाहिजे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून घ्यायचा, तो मुलाने युनिटमध्ये द्यायचा, तिथून नोंद व्हायची, मग ओळखपत्र निघायचे. मला स्वतःला शाळेचे निवृत्तिवेतन मिळते, त्यामुळे मी या दारातून आत जाऊ शकत नाही. पण कुणाच्या अर्जात आधारकार्डावरचे नाव आणि मुलाच्या सेवानोंदीतले आईचे नाव जुळत नाही, हे शोधून काढण्यात मी आता पटाईत झाले आहे. एकीकडे ‘सुमन’, दुसरीकडे ‘सुमनबाई’. एकीकडे जन्मसाल शाळेच्या दाखल्यावरचे, दुसरीकडे कुणी तरी अंदाजाने लिहिलेले. मुलगा भरतीच्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, रांगेत उभा असतो, आणि आईचे नाव घरात जसे हाक मारतात तसे सांगून मोकळा होतो. ते दुरुस्त करायला पुढे प्रतिज्ञापत्रे लागतात. म्हणून भरतीला निघालेल्या मुलांच्या पालकांना आम्ही आता आधीच सांगतो की आईच्या आधारकार्डाची झेरॉक्स त्याच्या फाइलमध्ये घालून द्या.

गावाकडच्या जमिनीचाही प्रश्न वारंवार येतो. मुलगा सरहद्दीवर आणि इकडे चुलत्याने बांध कोरला, ही तक्रार नवी नाही. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम हा कायदा १९२५ सालचा आहे, आणि विशेष परिस्थितीत सेवा बजावणारा सैनिक ज्या दाव्यात पक्षकार आहे व ज्यात त्याची बाजू मांडायला कुणी नाही, तो दावा जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावरून स्थगित ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिवाणीप्रमाणे महसुली न्यायालयालाही ती लागू होते. अडचण एवढीच की बहुतेक घरांत सातबारावर अजून वडिलांचे, कधी कधी आजोबांचेच नाव असते, त्यामुळे सैनिक पक्षकारच नसतो आणि कायदा उपयोगी पडत नाही. मुलाने कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवणे आणि आपण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज देऊन त्याचा पाठपुरावा करणे, हा रस्ता तरीही उरतोच. पाठपुरावा म्हणजे काय, हे सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला सांगायला नको.

आता सुनांविषयी लिहिते, कारण आमचा गट फुटायची वेळ आली ती याच विषयावर.

जुलै २०२४ मध्ये एका शहीद अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी वारसाच्या नियमात बदल करण्याची मागणी केली आणि वाहिन्यांवर तो विषय पेटला. पुढच्या बैठकीत हडपसरच्या ताई चिडूनच आल्या. त्या म्हणाल्या, “वीस वर्षं आम्ही वाढवायचा, आणि लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात आमचं नाव खोडायचं!” त्यांना दुजोरा देणारे अनेक निघाले. कुणाच्या तरी गावातली, पैसे घेऊन माहेरी गेलेल्या सुनेची गोष्ट लगेच सांगितली गेली. अशी गोष्ट प्रत्येकाच्या गावात असते आणि तिच्यातल्या सुनेला नाव कधीच नसते. मला ते ऐकवेना. त्या खोलीत बसलेल्या आम्ही सगळ्याच कुणाच्या तरी सुना होतो.

सुभेदार साहेबांनी मग रेकॉर्ड ऑफिसमध्ये, म्हणजे जवानांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त हवालदार-क्लार्कला पुढच्या बैठकीला आणले. त्यांनी फळ्यावर काही लिहिले नाही, आवाज चढवला नाही, फक्त एकेक गोष्ट वेगळी करून सांगितली. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सेवानोंदीत बदल करणाऱ्या लेखी आदेशाने, होते आणि त्यानंतर निकटचा वारस म्हणून पत्नीची नोंद होते. कुटुंब निवृत्तिवेतन कायद्यानेच पत्नीला जाते, त्यात मुलाच्या इच्छेचा प्रश्न येत नाही. पण ग्रुप इन्शुरन्सची रक्कम त्याने केलेल्या नामनिर्देशनाप्रमाणे मिळते, त्यात तो पत्नीचा आणि आईवडिलांचा हिस्सा टक्क्यांत लिहू शकतो. भविष्य निर्वाह निधीलाही नामनिर्देशन असते. बँकेतल्या पैशाचे वेगळे, स्वतः काढलेल्या विम्याचे वेगळे. “आमच्याकडे निम्मी भांडणं नियमामुळं नसायची,” ते म्हणाले, “पोरानं लग्नाआधी भरलेला फॉर्म लग्नानंतर उघडूनच बघितलेला नसायचा, म्हणून असायची.”

ही माहिती ऐकून पुष्कळांचा राग ओसरला, पण ती ऐकायला ज्यांनी बसायला हवे होते त्या सुना तिथे नव्हत्या. पुढच्या वेळी आम्ही त्यांना मुद्दाम बोलावले. काही क्वार्टरमधून आल्या, काही सासूबरोबर घरूनच आल्या. पहिला अर्धा तास कुणी बोलेना. मग हडपसरच्या ताईंची सूनच म्हणाली, “आई, तुम्हाला वाटतं सगळं मला ठाऊक असतं. यांच्या पगारातून कुठं किती कापतात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलं की म्हणतात, तुला काय करायचंय.” त्यावर ताई काही क्षण गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “मलाही तेच म्हणतो.” खोलीत जे हसू उसळले त्याने पुढचे काम सोपे केले.

त्यातून एक पाकीट तयार झाले. मुलगा सुट्टीवर आला की त्याने एका कागदावर स्वतःच्या हाताने सगळे लिहायचे: सैन्य क्रमांक, युनिटचा पत्ता, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, नामनिर्देशने कुणाच्या नावाने आणि किती टक्के, बँकेची खाती, विमे, कर्जे, कुणाला दिलेले उसने पैसेसुद्धा. दोन प्रती करायच्या, पाकिटे चिकटवायची, जोडावर सही करायची. एक आईकडे आणि एक पत्नीकडे. ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्यक्षात घराघरांत यावरून रडारड झाली. ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून वडिलांनी विषय उडवून लावला, आजीने असले कागद घरात नकोत म्हणून सांगितले, एका आईने ते पाकीट देव्हाऱ्यामागे ठेवले आणि सुनेने ते तिथून काढून कपाटात ठेवले म्हणून अबोला धरला. माझ्या मुलाने मात्र जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या डाव्या हाताने कागद धरून, उजव्या हाताला लागलेले वरण पुसत, दहा मिनिटांत सगळे लिहून दिले. त्याला त्यात काहीच अभद्र वाटले नाही. ज्यांना रोज त्या शक्यतेबरोबर राहावे लागते ते तिच्याकडे व्यवहार म्हणून पाहतात. भिण्याची चैन आपल्याला परवडते.

पुण्यात असल्यामुळे आणखी एक काम आमच्याकडे चालत आले. देशभरातले जखमी जवान उपचारांसाठी इथे येतात. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, आणि मणक्याला इजा होऊन कायमचे अधू झालेल्यांसाठी खडकीचे पॅराप्लेजिक केंद्र आहे. उपचारात आम्ही काय करणार? पण त्या मुलांबरोबर आलेल्या आईवडिलांना या शहरात ओळखीचे कुणी नसते. गढवालकडचे एक जोडपे आले होते; मुलाचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. हडपसरच्या ताईंचे हिंदी अगदीच जेमतेम, त्या माउलीचे हिंदी पहाडी वळणाचे, तरी दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर तासन्‌तास बोलत बसत. त्या बाईंना एकच गोष्ट कळत नव्हती: पाय बसवायला आणले म्हणतात, मग बसवत का नाहीत? सुभेदार साहेबांच्या ओळखीतल्या एका वडिलांनी, ज्यांच्या मुलाचे हे सगळे पूर्वी झाले होते, त्यांना समजावले की कापलेल्या भागाची सूज उतरत जाते तसा त्याचा आकार बदलत जातो, म्हणून घाईने पक्का पाय बसवला तर काही महिन्यांत तो सैल पडून घासू लागेल. आधी तात्पुरता, मग पक्का. डॉक्टरांनीही हेच सांगितले असणार, पण दुसऱ्या बापाने सांगितल्यावर ते त्यांच्या गळी उतरले.

आमच्या हातून झालेली मदत किरकोळ होती. फातिमानगरच्या एका शिंप्याकडून त्या मुलाच्या पँटींना गुडघ्यापासून खाली बाजूच्या शिवणीत चेन लावून आणली, म्हणजे पाय काढता-घालताना पँट उतरवावी लागू नये. शिंप्याने किती पैसे घ्यावेत यावर ताईंनी नेहमीप्रमाणे घासाघीस सुरू केली आणि त्याने कशासाठी हे विचारून घेतल्यावर पैसेच नाकारले, तेव्हा उलट त्याच्याशी भांडून ताईंनी ते दिले.

खाऊ पाठवण्याबाबत आम्ही हात आखडता घेतो. दिवाळीत सीमेवर फराळ पाठवणाऱ्या मंडळांची पुण्यात कमतरता नाही आणि ते चांगलेच काम आहे, पण त्यात आमची भर नको असे ठरले. आपापल्या मुलाला पाठवायचे त्याविषयी मात्र भरपूर ज्ञान जमा झाले आहे. चकली पोचेपर्यंत तिचा चुरा होतो, चिवडा मऊ पडतो. शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू टिकतात, पण लाडू तुपाने ओथंबलेले नकोत. डबा मांजरपाटात घालून दाभणाने शिवायचा आणि पत्ता कापडावर मार्करने लिहायचा, कारण चिकटवलेला कागद सुटतो. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे झेलम एक्सप्रेस. कुणाचा मुलगा सुट्टी संपवून संध्याकाळच्या झेलमने जम्मूकडे निघाला की गटात एवढेच कळवतो की पिशवीत जागा आहे. कुणाच्या दशम्या, कुणाची शेंगदाण्याची चटणी, कुणाचे हातमोजे त्याच्या हवाली होतात. कोणासाठी, कुठे, हे आम्ही विचारत नाही. ती मुले आपापसांत काय ते पाहून घेतात.

नोंदणी करावी का, हा प्रश्न निघाला तेव्हा सात सभासद, घटना, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, दरवर्षीचे हिशेब अशी यादी झाली आणि तिथेच तो मिटला. पैसे गोळा करायचे नाहीत हे एकदा ठरवले की नोंदणीवाचून अडत नाही. याचा आणखी एक फायदा झाला. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाच्या सुमारास एक होतकरू नगरसेवक वीरमाता-वीरपित्यांच्या जाहीर सत्काराचा प्रस्ताव घेऊन आले, फ्लेक्सचा नमुनाही मोबाइलवर तयार होता. त्यात आमचे फोटो तळाला आणि त्यांचा वर, हे ओघाने आलेच. ‘आमची संस्थाच नाही, ठराव कोण करणार?’ असे सांगून त्यांना चहा पाजला. शिवाय ‘वीरमाता’ हा मान ज्या आईचा आहे तिने काय गमावले आहे हे आम्हाला माहीत आहे. आमची मुले सुखरूप असताना तो फ्लेक्सवर मिरवणे आमच्यातल्या कुणालाच रुचले नसते.

मे २०२५ मध्ये आमच्या सगळ्या नियमांची परीक्षा झाली. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले आणि १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर होईपर्यंत कुणाच्या घरात कुणी धड जेवले नाही. आदल्या महिन्यात २६ एप्रिललाच केंद्र सरकारने वाहिन्यांना लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण न करण्याची सूचना दिली होती. आम्ही तीच स्वतःला लावून घेतली: गटात एकही चित्रफीत नाही, बातमी नाही, अंदाज नाही. ८ मेच्या रात्री वाहिन्यांवर जे सांगितले जात होते त्यातले बरेचसे सकाळपर्यंत खोटे ठरले, त्यामुळे तो निर्णय किती बरा होता हे लगेच कळले. नव्याने आलेल्या एका आईने घाबरून पुढे ढकललेली चित्रफीत सुभेदार साहेबांनी काढून टाकायला लावली आणि नंतर तिच्या घरी जाऊन बसले. रात्री नऊला प्रत्येकाने फक्त हजेरी लावायची असे ठरवले होते. जो हजेरी लावणार नाही त्याच्याकडे सकाळी जवळचा कुणी तरी जाऊन यायचा. एकट्या राहणाऱ्या एका वडिलांचा असाच निरोप आला नाही; भोसरीचे गृहस्थ गेले तर ते रात्रभर टीव्हीसमोर खुर्चीत बसलेले, रक्तदाबाच्या गोळ्या तशाच. त्यांना घरी घेऊन आले आणि सोमवारपर्यंत सोडले नाही.

वडील मंडळींचा विषय निघालाच आहे तर सांगते, की बैठकीत ते जवळपास बोलत नाहीत. नियम विचारतात, पत्ते लिहून घेतात आणि गप्प राहतात. त्यांच्यासाठी वेगळे काही करावे म्हणून आम्ही बायकांनी पुष्कळ डोके चालवले, पण उपाय त्यांनी स्वतःच काढला; रविवारी सकाळी ते तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाऊ लागले. चालताना माणूस समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही, त्यामुळे जे बैठकीत निघत नाही ते तिथे निघत असावे. काय बोलतात ते आम्हाला सांगत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. झोप उडालेल्या, चिडचिड वाढलेल्या माणसाला आपल्यापुढे जाऊन मदत लागते हेही आम्ही शिकलो. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आम्ही प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी देतो. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी याच सेवेचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्यात एएफएमसीमध्ये आहे, हे सांगितले की ‘आम्हाला काय वेड लागलंय का’ म्हणणारेही नंबर टिपून घेतात. लष्कराच्या दवाखान्यातले म्हटले की आपल्याकडे औषधावरचा विश्वास वाढतो.

सध्या आमच्या बैठकींत सर्वांत जास्त वेळ अग्निवीरांच्या पालकांना जातो. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, पहिल्या तुकड्या २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या, म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून त्यांची चार वर्षे भरू लागतात. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन, निवृत्तिवेतनाशिवाय, बावीस-तेवीस वर्षांचे असताना घरी येतील. त्यांच्या आईवडिलांची काळजी आमच्यापेक्षा वेगळी आहे. आम्हाला मुलगा परत येण्याची वाट पाहायची सवय. त्यांना तो परत आला तर पुढे काय याची धास्ती. गावाकडे त्या पैशाकडे आधीच लोकांचे लक्ष आहे: कुणी ट्रॅक्टर सुचवतो, कुणी प्लॉट, कुणी बहिणीचे लग्न. अकरावी-बारावीत भरती झालेल्या मुलांची पदवी कशी पूर्ण करायची, पोलीस भरतीच्या वयाची गणिते कशी बसतात, मुदतठेव कुणाच्या नावावर ठेवायची, हे प्रश्न घेऊन ते येतात आणि त्यातल्या पुष्कळांची उत्तरे सुभेदार साहेबांकडेही नाहीत. म्हणून पुढच्या बैठकीला बँकेतून निवृत्त झालेले आमच्यातलेच एक सभासद आणि मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात काम केलेल्या एक बाई यांना बोलायला सांगितले आहे. पालकांनी येताना मुलाचे दहावी-बारावीचे गुणपत्रक बरोबर आणावे, आणि त्यावर आईचे नाव कसे लिहिले आहे ते घरूनच पाहून यावे.